किलन गार होताना

आदिलाबादेत कुणी ‘सीसीआय’ म्हणालं की आधी महिना कोणता चाललाय ते पाहावं लागतं. दिवाळीनंतर यार्डात कापसाच्या गाड्या लागल्या की सीसीआय म्हणजे कापूस महामंडळ. आज खरेदी आहे का, ओलावा किती धरला, कितीचा भाव दिला. एरवी सीसीआय म्हणजे सिमेंटचा कारखाना. त्यातून १९९८ पासून पोतंभर सिमेंट निघालेलं नाही, पण पत्ता सांगायला तो अजून चालतो. सीसीआयच्या अलीकडे वळा, सीसीआय क्वार्टरच्या मागे या.

माझा मामा त्या कारखान्यात होता. किलन विभागात. भट्टीला तिथे कुणी भट्टी म्हणत नसे, किलनच म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली यायचा, घरातल्या थोरल्या माणसाचं नाव घेताना येतो तसा.

मी मामाकडे आलो तो पौषात. तेलंगणात थंडीचा कडका पडला की पेपरात आधी आमच्या जिल्ह्याचा आकडा येतो. तशीच थंडी होती. त्याआधी दोन महिने माझी हैदराबादची नोकरी गेली होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल. बाराव्या मिनिटाला लॅपटॉपने पासवर्ड घेणं बंद केलं. कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, त्या वर्षी बऱ्याच कंपन्यांचे कॉल असेच होते. आई गेल्यापासून आम्हा भावंडांचं आजोळ तेच घर, म्हणून तिथे आलो. ताई यवतमाळकडे समुपदेशनाचं काम करते. रविवारी ती पांढरकवड्यावरून, पैनगंगेचा पूल ओलांडून आली. ती मला न्यायला आली आहे हे मला माहीत नव्हतं.

अंगणात शेकोटीपाशी वाद सुरू झाला तेव्हा मी दोघांच्या मध्ये बसलो होतो, आणि दोघंही मी तिथे नसल्यासारखं माझ्याबद्दल बोलत होती.

“त्याले झालं काय? ताप हाये का?” मामा म्हणाला.

“मी दवाखान्यात नेते म्हणत नाहीये, मामा. बोलायला नेते म्हणतेय.”

“बोलाले आम्ही मेलो का?”

“तुमच्याशी बोललाय का तो?”

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी काडीने निखारे सारखे केले.

“नाई बोलला,” मामा म्हणाला. “पण नोकरी त्याची गेली अन् इलाजबी त्याचाच? हे मले पटत नाई पोरी. ज्यानं काढलं त्याले नेऊन बसव ना तुह्या खुर्चीवर. त्याले इचार, बाबा, रात्री झोप येते का तुले.”

ताई हसली. “तो येत नाही. येतो तो हा.”

“म्हूनच म्हणतो. जो येते त्यालेच तुम्ही रोगी ठरवता.”

हा मुद्दा मामाने आत्ता शोधून काढलेला नव्हता. त्याच्या आयुष्यात ‘आजारी’ या शब्दाचा एक सरकारी अर्थ होता. सिमेंट महामंडळाचं प्रकरण १९९६ मध्ये आजारी उद्योगांच्या मंडळापुढे गेलं. दोन वर्षांनी आदिलाबादची किलन थांबली. २००६ मध्ये दिल्लीत पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. तिचा सारांश असा की आसामातलं बोकाजन, हिमाचलातलं राजबन आणि आपल्याकडचं तांडूर हे तीन कारखाने चालवायचे आणि बाकीचे मोडीत काढायचे. मांढर, अकलतरा, नयागाव, कुरकुंटा, चरखी दादरी, आदिलाबाद. मामा ही नावं ज्योतिर्लिंगांसारखी एका दमात म्हणतो.

“कंपनी आजारी पडली त तिच्यासाठी मंडळ बसलं,” तो म्हणाला. “वकील आले, बँकावाले आले, दहा वर्ष तारखा चालल्या. आमच्यासाठी कोन बसलं?”

“मग तेच तर म्हणतेय मी. माणसांसाठीही कुणीतरी बसायला हवं होतं.”

“बसून काय केलं त्यायनं? कंपनीले डॉक्टर भेटला, त्यानं हातपाय कापले. आम्हाले भेटला असता त आमचंबी तेच केलं असतं. गोड बोलून. नोकरी सोडाच्या व्हीएसएसचा कागद वाचला हायेस का तू? स्वेच्छा लिवलं हाये त्याच्यात. स्वेच्छा! आता तू म्हणशील की त्या शब्दाचं लय मनाले लावून घेऊ नका, मामा.”

ताईने यावर उत्तर दिलं नाही. मला वाटतं, इथे तिला उत्तर नव्हतंच. समुपदेशनावरचा हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात खरा आक्षेप आहे. कारखाना बंद करण्याचा निर्णय कुठेतरी वर होतो आणि त्याचा हिशेब कामगाराच्या मनात लागतो. मग त्या मनाला शांत करणारा माणूस पाठवायचा, म्हणजे हिशेब मागायला कुणी उरत नाही. १९८२च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं रस्त्यावर आली, त्यातली बरीचशी परत आत गेलीच नाहीत. त्यांना लालबाग-परळमध्ये खुर्च्या टाकून कुणी ‘मन मोकळं करा’ म्हणालं असतं, तर त्यांनी त्या खुर्च्यांचं काय केलं असतं ते सांगायला नको.

तरीही ताई गप्प बसणाऱ्यातली नाही.

“कागजनगरची गोष्ट घ्या,” ती म्हणाली. “तुमच्याच जिल्ह्यात होतं तेव्हा.”

सिरपूर पेपर मिल. निजामाच्या काळात, १९३८ साली उभी राहिली. तिच्यामुळे गावाचं नाव कागजनगर पडलं. २०१४च्या सप्टेंबरात मिल बंद झाली. २०१६ मध्ये जिल्हे नव्याने पाडले तेव्हा कागजनगर आसिफाबादकडे गेलं. २०१८ मध्ये जेके पेपरने मिल घेतली आणि ती पुन्हा चालू झाली.

“तेच!” मामा पुढे सरकला. “मिल सुरू झाली, माणसं बरी झाली. त्यायले कोनाच्या गोड बोलण्याची गरज पडली का?”

“बंद पडली ते सुरू झाली, मध्ये चार वर्षं गेली, मामा. त्या चार वर्षांत माणूस टिकला तर तो गेटातून आत जाणार ना? २०१९ला आरटीसीच्या बसवाल्यांचा संप आठवा. अठ्ठेचाळीस हजार लोकांना सरकारने एका रात्रीत ‘तुम्ही स्वतःहून नोकरी सोडली’ असं सांगितलं. नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्यांना परत घेतलं. दोन महिनेसुद्धा नव्हते मधले. पण तेवढ्यात काही जणांनी जीव दिला. त्यांच्या घरी काय सांगायचं, थोडं थांबायला हवं होतं?”

शेकोटीत ओली काडी पडली असावी, धूर झाला. मामी आतून कपबशा घेऊन आली आणि परत न जाता दाराच्या उंबऱ्यावर टेकली.

“मी याला फोनवर पहिल्या आठवड्यातच विचारलं होतं,” ताई माझ्याकडे बोट करून म्हणाली. “सरळ. जीव द्यावासा वाटतो का म्हणून.”

“असं इचारतात?” मामाच्या हातातली बशी हलली. “नसल त्याच्या मनात त तू घालशील.”

“विचारल्याने मनात येत नाही. असेल तर बाहेर येतं. हे आता तपासून झालेलं आहे. आणि यानं काय सांगितलं ते त्यालाच विचारा.”

मी काय सांगितलं होतं ते सांगतो. ‘नाही’ म्हणालो होतो, आणि ते खरं होतं. पण फोन ठेवल्यावर मी खोलीतला दिवा लावला. त्याआधी तीन दिवस संध्याकाळी दिवा लावायचं मला सुचलं नव्हतं. प्रश्न विचारला जाण्यालाच काही वजन असतं. ते त्या दिवशी कळलं.

मामाने विषय बदलला नाही, फक्त बाजू बदलली. “आम्ही सगळे एकदम गेलो,” तो म्हणाला. “सकाळी गेटवर जमायचो. युनियनचा माणूस यायचा, दिल्लीचं सांगायचा. खोटंच सांगायचा बहुतेक, पण सांगायचा. चहा व्हायचा. कोनाच्या पोरीचं लगन असलं त वर्गणी व्हायची. ह्याच्या बाजूले कोन होतं? कॉम्प्युटर. तोबी बंद केला त्यायनं.”

“हे तुम्ही फार मोठं बोललात.”

“मी साधंच बोललो.”

“ब्रिटनमधल्या आकड्यांवर लोकांनी अभ्यास केलाय. ज्या भागात बेकार जास्त, तिथे बेकाराला आपली बेकारी जरा कमी बोचते. कारण लाज वाटली जाते.”

“वाटली जाते म्हंजे?”

“वाटून घेतली जाते. प्रसादासारखी.”

मामाला हे आवडलं. पण लगेच सावध झाला. “मग तुहं काम काय राहिलं? गेटच बरा.”

“गेट किती दिवस भरला?”

मामा बोलला नाही.

इथे ताईने मारियेन्थालची गोष्ट काढली. तिच्या धंद्यातले लोक ही गोष्ट काढतातच, पण आदिलाबादच्या अंगणात ती मला वेगळी ऐकू आली. ऑस्ट्रियातलं, व्हिएन्नाजवळचं एक गिरणीचं गाव. १९३०च्या आसपास गिरणी मिटली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोदा नावाची विशीतली बाई आणि तिचे सहकारी तिथे गेले. नुसते प्रश्न विचारायला गेले नाहीत, जुने कपडे गोळा करून वाटले, दवाखाना चालवला, कापड बेतायला शिकवलं, आणि पाहत राहिले. १९३३ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यांना वाटलं होतं, वेळ मोकळा झाला म्हणजे लोक वाचतील, सभांना जातील, भांडतील. झालं उलटंच. वाचनालय फुकट केलं तरी पुस्तकं नेणं दोन वर्षांत निम्म्यावर आलं. रस्त्याकडेच्या खिडकीत बसून त्यांनी लोकांची चाल मोजली. पुरुष हळू चालत होते आणि पुन्हापुन्हा थांबत होते. सकाळपासून काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता येत नव्हतं. बायका भरभर चालत होत्या.

“बायका कायले भरभर?” मामाने विचारलं.

“त्यांची नोकरी गेली नव्हती,” उंबऱ्यावरून मामी म्हणाली. “चुलीची.”

मामीच्या बोलण्यात आजवर मी इतका सरळ टोला ऐकला नव्हता. ताईने मान वळवली. मामी पदराने कपाची कड पुसत होती. मग तिने जे सांगितलं ते मामासमोर ती पहिल्यांदाच सांगत होती, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटलं.

“ह्यांची दुपारची पाळी होती शेवटी. कारखाना थांबल्यावरबी दीड वाजला की हे बूट घालायचे. पलंगावर बसायचे. बोलायचे नाई. कुठं जायचे नाई. तीन वाजले, चार वाजले, मग काढून ठेवायचे. गेटवर जायचे ते पहिले दोन-तीन महिने. मग गेटवर कोनी राहिलं नाई. कोनी नांदेडले गेला, कोनी चंद्रपूरले तिकडच्या सिमेंटात लागला. हे बूट घालून बसायचे. बाई, मले भेव लागायचं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“मी काय करणार? काम सांगायची. रोज दीड वाजायच्या आधी. आज टाकीचं झाकण पाहा. आज माह्या भावाकडं जाऊन या, त्यानं बोलावलंय. त्यानं बोलावलेलं नसायचं. मी त्याले आधी निरोप पाठवायची की बोलावलंय म्हून सांग. एकदा चांगली शिवलेली गोणपाटं उसवून ठेवली अन् म्हणले शिवून द्या.”

मामा निखाऱ्यांकडे पाहत राहिला. मला वाटलं चिडेल. बऱ्याच वेळाने म्हणाला, “गोणपाटाचं मले समजलं होतं.”

“माहीत हाये,” मामी म्हणाली.

ताई हळू आवाजात बोलू लागली, आणि पहिल्यांदाच मामाला पटवण्यासाठी बोलत नव्हती. गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अगदी हेच उभं केलं, ती म्हणाली. डॉक्टर नाहीत, मानसशास्त्र शिकलेले नाहीत, साधी माणसं घेतली, त्यांना तयार केलं. नैराश्यात असलेल्या माणसाला सहा ते आठ भेटी. त्यात बालपण उकरत नाहीत. काल दिवसभरात काय केलं, कशाने बरं वाटलं, उद्या त्यातलं काय करायचं. एवढंच, पण नेमाने. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. फरक पडत होता. त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांचं काम छापून आलं, ‘विश्राम’ नावाचं. तिथे आधी नैराश्यातल्या शंभरांपैकी जेमतेम चार माणसं कुठल्याही मदतीपर्यंत पोचत होती, गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी दारोदार काम केल्यावर सत्तावीस पोचायला लागली.

“म्हंजे मामी शिकून आली असती त पगार भेटला असता,” मामा म्हणाला.

“हसू नका. मामीला कुणी आठ भेटी दिल्या?”

कुणीच हसलं नाही. मामी कपबशा गोळा करायला उठली. खरं तर तिने उत्तर द्यायला हवं होतं असं मला वाटत होतं, पण तिने नळ सोडल्याचा आवाज आला.

मग मामा किलनबद्दल बोलायला लागला. तो किलनबद्दल बोलायला लागला की आम्ही ऐकतो, सवयीने.

“किलन म्हंजे चूल नाई,” तो मला म्हणाला, ताईला नाही. “आडवी नळी. पोलादाची, आतून इटा. चौदाशे-साडेचौदाशे डिग्री आत. जागच्या जागी फिरत राहते. आता समज, बंद करायची हाये, नाईतर लाइटच गेली. आग इझली म्हून तुले वाटन झालं, घरी जा. तसं नसते. गरम नळी एका जाग्यावर थांबली की आपल्याच वजनानं वाकते. वरून थंड, खालून गरम, मधातून लवते. मग कितीबी आग लाव, सरळ फिरत नाई ते. म्हून बंद केल्यावर तिले फिरवत राहा लागते. लय हळू. थोडी फिरव, थांब, पुन्हा थोडी फिरव. लाइट नसली त डिझेलचं इंजिन लावून. गार होतपर्यंत. शेवटच्या दिवशीबी फिरवली आम्ही. साहेब म्हणे, राहू द्या आता. आम्ही म्हणलं, नाई.”

“मामी तेच करत होती,” ताई म्हणाली.

तिचं बरोबर होतं. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण मामाने तिला इतक्या सहज जिंकू दिलं नाही, आणि मला आजही वाटतं की त्या संध्याकाळचं सगळ्यात अवघड वाक्य त्याचंच होतं.

“हो. पण किलन फिरवतात ते पुन्हा पेटवाची असते म्हून. आम्ही शेवटच्या दिवशी फिरवली ते त्याच आशेनं. पेटवणारच नसल त वाकली काय अन् सरळ राहिली काय. आता भंगारात काढाची म्हणतात, लोकं मोर्चे काढून राह्यले. भंगारवाल्याले सरळ नळीचा भाव जास्त भेटते का?”

“तुम्ही वाकला असतात तर बरं झालं असतं?”

“मी माह्यं नाई म्हणत. मी हिशेब म्हणतो. तू माणसं सरळ ठेवशील, चांगलं हाये. पण पेटवणार कोन? ते तुह्या आठ भेटीत नाई.”

“नाही,” ताई म्हणाली. “ते माझ्याकडे नाही.”

तिने अमेरिकेतल्या मिशिगनचं सांगून पाहिलं. तिथल्या विद्यापीठाने १९८०च्या दशकात नोकरी गेलेल्यांचे गट करून पाच अर्ध्या दिवसांचं शिक्षण दिलं, नकार येणारच असं धरून मनाची तयारी करून घेतली, आणि त्या लोकांना कामं लवकर मिळाली, उदासीही कमी राहिली. “तिथं कामं होती म्हून भेटली,” मामा म्हणाला, आणि ताईने मान्य केलं. कामगार राज्य विमा असलेल्यांना नोकरी गेल्यावर अटल योजनेतून नव्वद दिवसांपर्यंत अर्धा पगार मिळतो हेही तिने सांगितलं. तो विमा महिना एकवीस हजारांपर्यंतच्या पगारालाच, त्यामुळे मी त्यात बसत नव्हतो. मामा तर तेव्हा योजनाच नव्हती म्हणून बसत नव्हता. दोघं या एका गोष्टीवर खळखळून हसली. माझ्यासाठी ताईने एका कागदावर टेली-मानसचा नंबर लिहून फ्रिजवर लावला, १४४१६. रात्री-बेरात्रीही चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, म्हणाली. मामाने तो कागद वाचला आणि वरच्या मॅग्नेटने नीट दाबून बसवला. ताई मला न घेताच रात्रीच्या गाडीने परत गेली. पुढच्या रविवारी येते म्हणाली.

सकाळी अजून अंधार असताना मामाने मला उठवलं. चहासुद्धा नाही. स्वेटर घातले आणि चालत निघालो. तो भरभर चालत होता, मी मागे पडत होतो. कारखान्याच्या गेटपाशी आलो तेव्हा धुक्यात वरचं काहीच दिसत नव्हतं. मामा कठड्यावर बसला, मला बाजूला बसवलं, हात काखेत घातले.

“अकरा मिन्टं म्हणला ना तू?” तो म्हणाला. “मले पुरी सांग. पहिल्या मिन्टापासून. आधी कोन बोललं?”